करंजवाडीचा इंग्रजी हादगा

महिपती गुरुजींना पुढं आयुष्यभर कुणीही "गुर्जी, तुमी हादगा खेळलात म्हणं?" असं विचारलं, की ते आधी डोक्यावरची काळी टोपी सरळ करायचे आणि मग म्हणायचे, "खेळलो नाही. शिकवला." या दोन्हींत काय फरक आहे हे करंजवाडीला कधी पटलं नाही. कारण करंजवाडीनं गुरुजींना फेर धरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेही इंग्रजीत.

गोष्ट त्या सालची, ज्या साली तिकडं विलायतेच्या राजानं एका बाईपायी गादी सोडली. मळवली ठेसनावर उतरून डोंगराच्या अंगानं तासभर चाललं की करंजवाडी लागायची. तिथं राजाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. आश्विन लागला होता, भात निसवून लोंब्या धरत होतं आणि हस्तातला हत्तीचा पाऊस धड पडतो की भात झोपवतो एवढीच गावाला काळजी होती. गुरुजींची काळजी निराळी. तालुक्याहून निरोप आला होता की हस्त नक्षत्र संपायच्या सुमाराला शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येतील, आणि त्या दिवशी मुलींच्या वर्गात वीस मुली हजर दिसल्या नाहीत तर तो वर्ग बंद.

आता वर्ग बंद झाला असता तर सरकारचे चार खडू वाचले असते, बाकी कुणाचं काही अडलं नसतं. पण त्या वर्गात गुरुजींची शालू होती. सात वर्षांची, बडबडी, आणि अक्षर बापापेक्षा सुरेख. करंजवाडीचा वर्ग गेला की पुढची मुलींची शाळा थेट लोणावळ्याला, आणि एवढ्याशा पोरीला रोज आगगाडीनं कोण नेणार आणि कोण आणणार? गुरुजी शेतकऱ्याच्या घरातून शिकून मास्तर झालेले, तेही इंग्रजी दुसरीत घोडं अडलं ते अडलंच. शालूचं अडू नये, तिनं फाडफाड इंग्रजी बोलावं, असं त्यांच्या फार मनात होतं. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. नंदाबाईंना ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं, ते वेगळं.

पटावर मुली बरोबर वीस. येत किती? चांगला दिवस असला तर आठ. आणि हस्तात तर एकही नाही, कारण हस्तात पोरींचा हादगा. पाटावर हत्ती काढायचा, पाट मध्ये ठेवायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची. गाणी संपली की झाकलेली खिरापत पुढं येते. आत काय आहे ते ओळखायचं, ओळखलं की मगच ती वाटायची. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकेक वाढत जातं. एवढं सगळं सोडून पोरगी उजळणी म्हणायला येईल का? गुरुजी स्वतः पोरगी असते तरी आले नसते.

तेव्हा त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. पोरी हादगा सोडत नाहीत ना? मग हादगाच शाळेत आणायचा! आणि पोरींचे बाप आडवे येऊ नयेत म्हणून गाण्यांतून इंग्रजी शब्द शिकवायचे. इंग्रजीचं नाव काढलं की करंजवाडी ऐकायची. रखमाजी आबांचा पुतण्या लोणावळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी लागला होता, तो केवळ 'गुड मॉर्निंग' वेळेवर म्हणाला म्हणून, अशी गावाची पक्की समजूत होती. रखमाजी आबा शाळेच्या कमिटीवर होते. ते म्हणाले, "पोरी विंग्रजी शिकून काय करनार गुर्जी?" मग जरा विचार करून म्हणाले, "पर फुकट हाय न्हवं? मग शिकवा."

नंदाबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, हादग्याच्या वाटेला जाऊ नका. तो सुरू करता येतो, मधेच थांबवता येत नाही."

"तो तास आहे, नंदा. घंटा झाली की तास संपतो."

"बरं," नंदाबाई म्हणाल्या. त्यांचं 'बरं' गुरुजींना आयुष्यात फार महाग पडत आलं होतं.

शाळेत पाट कुठला? गुरुजींनी भिंतीवरचा सरकारी फळा उतरवला, अंगणात दोन विटांवर आडवा ठेवला आणि त्यावर खडूनं हत्ती काढला. हत्ती बराचसा म्हशीसारखा झाला, पण सोंड होती. गाणं त्यांनी स्वतः रचलं होतं: "एलिफंट एलिफंट अंगणी आला, वॉटर वॉटर पिऊन गेला." ताल धरायला गावातला मारुती पखवाजी बोलावला. मारुतीला एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि हात पखवाजावर पडला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. ते गाणं संपल्यावरच उघडत.

दोन ओळी वाजवून मारुती थांबला. "गुर्जी, ह्या विंग्रजीला सम न्हाई."

"मारुती, शंभर वर्षं राज्य चाललंय त्यांचं. समेशिवाय चालेल का?"

"राज्य चालंल. फेर न्हाई चालायचा."

आणि खरोखरच चालेना. 'एलिफंट' कसाबसा बसला, पण 'काऊ', 'डॉग', 'कॅट' हे शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच संपायचे आणि पोरींचं पाऊल हवेतच राहायचं. शेवटी पोरींनीच उपाय काढला. शब्द कमी पडला की पुढं 'गं बाई' लावायचं. "काऊ गं बाई काऊ, डॉग गं बाई डॉग." मारुतीनं मान डोलावली, सम सापडली, आणि करंजवाडीचं इंग्रजी जे तालात आलं ते कायमचंच. गुरुजींनी नंतर पुष्कळ सांगून पाहिलं की 'गं बाई' इंग्रजी नाही. पण पोरींना वाटे, गुरुजी दुसरीपर्यंतच शिकलेत, त्यांना कुठलं माहीत असायला. हजेरी घेताना 'प्रेझेंट सर' म्हणायचं असं त्यांनी शिकवलं, तर वर्ग एका सुरात 'प्रेझेंट गं बाई' म्हणू लागला.

पहिल्या दिवशी गाणं संपलं, घंटा झाली, पण पोरी हलेनात.

"जा आता घरी."

"गुर्जी, खिरापत?"

"कसली खिरापत? हा तास आहे."

पोरींचे चेहरे पडले. खिरापतीवाचून फेर सोडला तर हादगा मोडतो, आणि मोडला तर फार वाईट, हे गुरुजींच्या स्वतःच्या लेकीनंच त्यांना सर्वांदेखत सांगितलं. गुरुजींनी दाराकडं पाहिलं. तिथं नंदाबाई आधीच झाकलेली वाटी घेऊन उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दोन गाणी, दोन खिरापती. तिसऱ्या दिवशी घरातला गूळ संपला. चौथ्या दिवशी नंदाबाईंनी रव्याचा डबा उपडा करून गुरुजींपुढं ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुमचं इंग्रजी." मग गावातल्या घरांनी पाळ्या लावून घेतल्या, आणि त्याबरोबर आया आल्या, आयांबरोबर कडेवरची पोरं आली, पोरांमागं आज्या आल्या. झुंबरबाईची सासू सरुबाई तर रोज सर्वांच्या आधी हजर. तोंडात दात एक नाही, पाठ वाकलेली, पण फेरात पाऊल असं टाकायची की पोरींनी बघत राहावं. "माजं लगीन झाल्यापासनं हादगा खेळले न्हाई गं," ती म्हणायची. "सासरी आले आन् कामालाच जुपली." तिनं आठवड्यात डझनभर शब्द पाठ केले आणि घरी सुनेला त्यांतलेच सुनवायला लागली. झुंबरबाई तक्रार घेऊन आली, की म्हातारी पाणी मागायचं सोडून "वॉटर गं बाई" म्हणत बसते आणि आपल्याला कळत नाही.

त्यात खिरापतीच्या वासानं मुलगेही आले. मुलग्यांनी हादग्याचा फेर धरायचा, हे करंजवाडीत कधी झालं नव्हतं. रखमाजी आबांचा नातू अंबाजी घरी जाऊन कुत्र्याला म्हणाला, "डॉग गं बाई, गो." आबा काठी आपटतच शाळेत आले.

"गुर्जी, तुमी आमच्या अंब्याची बाई केलीत!"

"आबा, ते तालासाठी आहे."

"मग ताल बदला."

"ताल मारुतीचा आहे."

आबा मारुतीसमोर जाऊन उभे राहिले आणि बरंच काही बोलले. मारुतीचे डोळे मिटलेले होते आणि आबा नेमके बहिऱ्या कानाकडं उभे होते. गाणं संपेपर्यंत थांबणं भाग पडलं. संपल्यावर पोरींनी आबांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. दुसऱ्या दिवसापासून आबा स्वतःच 'देखरेखीला' येऊन बसू लागले, आणि देखरेख करता करता काठीनं ठेका धरू लागले.

हे सगळं बघून गुरुजींना मनातून धाकधूक वाटू लागली. शाळेत हे चाललंय तरी काय? अभ्यासाचं नाव राहावं म्हणून त्यांनी एक नियम केला, की यापुढं खिरापत इंग्रजीतच ओळखायची. जन्मात त्यांनी इतका चुकीचा नियम केला नसेल. 'बनाना', 'राईस', 'मिल्क', 'शुगर' हे दोन दिवसांत संपले. मग झुंबरबाईनं करंज्या आणल्या. "गुर्जी, करंजीला विंग्रजीत काय?" सगळा फेर गुरुजींच्या तोंडाकडं बघू लागला. गुरुजींनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "स्वीट." दुसऱ्या दिवशी घाऱ्या आल्या. त्याही 'स्वीट'. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "गुर्जी, विंग्रजांकडं खायला एकच जिन्नस दिसतोय." तो घाव गुरुजींच्या फार जिव्हारी लागला.

पण एक गोष्ट झाली होती. वीसच्या वीस मुली रोज येत होत्या. गुरुजी रोज मनात मोजायचे आणि शालूकडं बघायचे.

डिप्टीसाहेब आले ते हादग्याच्या शेवटच्या दिवशी, आणि सांगितलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी. काळा कोट, पुणेरी पगडी, बगलेत छत्री आणि गुडघ्यापर्यंत चिखल. गुरुजींनी ठरवलं होतं की ते यायच्या आत फळा भिंतीवर जाईल, आज्या घरी जातील आणि मुली ओळीनं बसतील. त्याऐवजी साहेबांना दिसलं ते असं: अंगणात फळा आडवा, त्यावर म्हशीसारखा हत्ती, हत्तीला झेंडूची माळ आणि हळदकुंकू, भोवती पोरी, पोरं, बाया, म्हाताऱ्या, एक गृहस्थ डोळे मिटून पखवाजावर हात ठेवून बसलेले, आणि फेरात शाळेचे मास्तर.

"ही शाळा आहे की लग्नाचं कार्यालय?" साहेब म्हणाले.

साहेब पुढं झाले, थेट फळ्यापाशी गेले आणि वाकून बघू लागले. "सरकारी फळ्याला हळदकुंकू? मास्तर, याचा अर्थ काय? मी हा वर्ग—"

मारुतीला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. दोन गाण्यांच्या मध्ये जेवढं थांबायचं तेवढं तो थांबला होता. त्यानं थाप मारली, पोरींनी सवयीनं हात धरले, आणि शेवटच्या दिवसाची उरलेली गाणी साहेबांच्या भोवती सुरू झाली. साहेब हत्तीजवळ मधोमध अडकले. फेर मोडून बाहेर पडायचं म्हणजे दोघींचे हात सोडवायचे. एका बाजूला शालू होती आणि दुसऱ्या बाजूला सरुबाई, आणि दोघींनीही हात सोडायचं लक्षण दाखवलं नाही. साहेबांनी एकदा छत्री उगारली, पण काऊ गं बाई संपून कॅट गं बाई लागलं तशी ती हळूहळू खाली आली. तिसऱ्या गाण्याला छत्रीचं टोक जमिनीवर ठेका धरत होतं. गुरुजींनी ते पाहिलं, पण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

गाणी संपली. साहेब भानावर आले. "मला गाडी गाठायची आहे," ते म्हणाले.

"खिरापत वळखल्याबिगर न्हाई जायचं," सरुबाई म्हणाली.

झुंबरबाईनं झाकलेलं पातेलं आणून त्यांच्यासमोर ठेवलं. झाकणाच्या फटीतून वेलदोड्याचा आणि गुळाचा वास आला. साहेबांनी तो खोल श्वासात ओढून घेतला, आणि एवढा मोठा पगडीवाला माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"खरवस!" ते ओरडले. "खरवस आहे! माझी ताई हादग्याला मला असंच मधे हत्तीपाशी बसवायची हो. मी लहान, मला फेर धरता यायचा नाही. खरवस असला की माझ्या कानात आधीच सांगून ठेवायची. ताई जाऊन किती वर्षं झाली, मला हे कुणी विचारलंच नव्हतं..."

"विंग्रजीत!" सगळी पोरं एकदम ओरडली.

"काय?"

"आमच्या शाळेत खिरापत विंग्रजीत वळखायची असती."

साहेबांनी तोंड उघडलं. "मिल्क..." ते म्हणाले. "मिल्क... पुडिंग?"

"न्हाई!"

साहेब कपाळ पुसत गुरुजींकडं वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, खरवसाला इंग्रजीत काय म्हणतात हो?"

"साहेब, मी इंग्रजी दुसरी," गुरुजी म्हणाले. "आपण बी. ए."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. गुरुजींना वाटलं, संपलं. बी. ए. झालेल्या माणसाला अख्ख्या गावासमोर निरुत्तर केलं, आता वर्ग काय, शाळासुद्धा राहायची नाही.

"बफेलो!" शालू म्हणाली.

"बेबी!" अंबाजी म्हणाला.

"मदर गं बाई!" सरुबाई म्हणाली.

"मिल्क! मिल्क!" बाकीची पोरं.

मारुतीला काय ऐकू आलं कोण जाणे, त्यानं थाप दिली. "बफेलो मदर, बेबी मिल्क, गं बाई, बेबी मिल्क!" सगळा फेर म्हणू लागला, आणि समेवर डिप्टीसाहेबांची मान आपोआप खाली आली. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. हे कुणी शिकवलं यांना?"

"कुणी नाही, साहेब," गुरुजी म्हणाले. "शब्द मी शिकवले. जोडले त्यांनी."

साहेबांनी द्रोणभर खरवस खाल्ला, मग आणखी द्रोणभर खाल्ला आणि हात धुऊन म्हणाले, "आता मुली मोजू या. नियम तो नियम." मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीस. हिरी नव्हती. ती आदल्या संध्याकाळी आईबरोबर भुशीला मावशीकडं गेली होती, आणि आजच्या गडबडीत गुरुजींचं मोजायचं राहून गेलं होतं.

गुरुजींनी स्वतः आणखी एकदा मोजल्या. रखमाजी आबा हळूच त्यांच्या कानाशी आले. "गुर्जी, आमच्या अंब्याला परकर नेसवू का?"

"नको, आबा," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी टोपी सरळ केली, साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, एकोणीसच आहेत. एक आज नाही." शालूकडं बघायचा त्यांना धीर झाला नाही.

साहेबांनी फेरावरून नजर फिरवली. मग त्यांनी छत्रीनं दाखवलं. "आणि ही मुलगी?"

"त्या सरुबाई. पटावर नाहीत."

"का नाहीत?"

"साहेब, वय..."

"मास्तर, किती वयापासून घ्यायचं ते नियमात लिहिलंय. किती वयापर्यंत, ते मला तरी कुठं वाचल्याचं आठवत नाही. तुम्हाला आठवतं का?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"मग घाला नाव. बाई, वय किती?"

"ते तुमीच घाला," सरुबाई म्हणाली. "पर जरा कमी घाला."

मुलींचा वर्ग राहिला. साहेबांची गाडी चुकली, ते रात्री गुरुजींकडंच राहिले, आणि नंदाबाईंना पुन्हा रवा उसना आणावा लागला, तो भाग सोडून देऊ.

गंमत अशी, की साहेबानं नाव लिहिलंय म्हटल्यावर सरुबाईनं ते मनावर घेतलं. ती दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली आणि पुढं बसली. थंडीभर आली. अक्षर तिला शेवटपर्यंत जमलं नाही, पाटीवर हत्ती तेवढा रोज काढायची, आणि तो गुरुजींच्या हत्तीपेक्षा बरा असायचा. नाव पुकारलं की उठून उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणायची, "प्रेझेंट गं बाई!" पोरी हसायच्या. तीही हसायची. माघात तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. झुंबरबाईनं पाटी परत आणून दिली, तेव्हा त्यावर अर्धाच हत्ती होता. गुरुजींनी तो पुसला नाही.

पुढच्या हस्तात फळा पुन्हा अंगणात आला. गुरुजी हजेरी घेत होते. शालू झाली, हिरी झाली, आणि सवयीच्या ओघात त्यांच्या तोंडून गेलं, "सरुबाई." म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले. पखवाजावर मारुतीचा हात थांबला. झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात शालू उठून उभी राहिली. मग हिरी, मग सगळ्याच उठल्या, कमरेवर हात ठेवून, आणि एका सुरात म्हणाल्या, "प्रेझेंट गं बाई!"

गुरुजींनी टोपी सरळ केली. त्यांना पुढचं नाव वाचता येईना.